आभासी परिवेश (पायथन)

आभासी परिवेश म्हणजे पायथन या संगणकभाषेत काम करताना एकाच संगणकावर प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतंत्रपणे राखलेला पॅकेजांचा संच होय. इंग्रजीत यास व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट असे म्हणतात. प्रोग्रामरांच्या रोजच्या बोलण्यात 'व्हेन्व्ह' किंवा नुसते 'एन्व्ह' हे शब्द रूढ आहेत. परिवेश हे प्रत्यक्षात एक साधे फोल्डर असते. त्यात पायथनच्या इंटरप्रिटरकडे नेणारा दुवा, त्या प्रकल्पास लागणारी पॅकेजे आणि काही छोट्या स्क्रिप्ट असतात. कमांड लाइनवरील एका आज्ञेने ते तयार होते, पुसून टाकले तरी संगणकाच्या मूळ मांडणीस धक्का लागत नाही आणि ते करण्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागत नाहीत. महाविद्यालयांच्या सामायिक संगणक कक्षांत काम करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ही शेवटची बाब सर्वांत उपयोगाची आहे.

या लेखात आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्ष टंकताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहाव्या लागतात.

गरज

पायथनची बहुतेक ताकद तिच्यासाठी इतरांनी लिहिलेल्या पॅकेजांत आहे. आकडेमोडीसाठी नमपाय, तक्त्यांसाठी पांडास, भाषाविश्लेषणासाठी ट्रान्सफॉर्मर्स अशी पॅकेजे 'पिप' या साधनाने महाजालावरून उतरवून घेतली जातात. अडचण अशी की, एका पायथनच्या मांडणीत एका पॅकेजाची एका वेळी एकच आवृत्ती नांदू शकते. नवी आवृत्ती बसवली की जुनी निघून जाते, आणि जुन्या आवृत्तीवर विसंबून लिहिलेला प्रकल्प त्या क्षणापासून अडचणीत येतो. त्याच्या स्वतःच्या एकाही ओळीत बदल झालेला नसतो.

अशा मोडतोडीची ठळक उदाहरणे अलीकडच्या काळातीलच आहेत. तक्त्याच्या शेवटी ओळ जोडण्यासाठी पांडासमध्ये 'अपेंड' नावाची सोय होती. असंख्य पाठ्यपुस्तकांत व विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ती वापरलेली आढळते. एप्रिल २०२३ मधील पांडास २.० मध्ये ती काढून टाकण्यात आली. जून २०२४ मध्ये नमपाय २.० प्रसिद्ध झाले, तेव्हा नमपायच्या जुन्या आवृत्तीवर घडवलेली इतर पॅकेजे नव्या आवृत्तीबरोबर चालेनाशी झाली. पायथनच्या स्वतःच्या आवृत्त्यांतही असे तुटलेले दुवे आहेत: पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला, आणि ऑक्टोबर २०२३ मधील पायथन ३.१२ मधून 'डिस्टयूटिल्स' हे जुने मॉड्यूल वगळण्यात आले.

मराठी वाचकास हा प्रकार शुद्धलेखनाच्या उदाहरणावरून चटकन समजेल. मराठी साहित्य महामंडळाचे नवे नियम १९६२ साली मान्य झाले व १९७२ साली त्यांत भर पडली. त्यापूर्वी व्युत्पत्तीनुसार अनुस्वार देऊन छापलेला एखादा ग्रंथ आजच्या नियमांनी तपासला, तर पानोपानी चुका निघतील. ग्रंथ मात्र त्याच्या काळच्या नियमांनी शुद्धच असतो. त्याचा अभ्यास करणाऱ्याने जुने नियम हाताशी ठेवावेत आणि नवे लेखन नव्या नियमांनी करावे. दोन्ही नियमपुस्तिका एकाच टेबलावर राहू शकतात. आभासी परिवेश संगणकावर हेच साधतो.

दुसरे कारण संचालन प्रणालीच्या सुरक्षिततेचे आहे. लिनक्सच्या अनेक वितरणांत प्रणालीची स्वतःची साधने पायथनमध्ये लिहिलेली असतात. तेथे विद्यार्थ्याने प्रणालीच्या पायथनमध्येच पॅकेजे बसवली, तर ती साधने बंद पडण्याची शक्यता असते. म्हणून पायथन सुधारणा प्रस्ताव, म्हणजे पेप, क्रमांक ६६८ नुसार प्रणालीच्या पायथनवर 'बाहेरून व्यवस्थापित' अशी खूण ठेवण्याची पद्धत आली. जून २०२३ मधील डेबियन १२ पासून अशा पायथनमध्ये पिपने थेट पॅकेज बसवू गेल्यास नकार मिळतो आणि परिवेश तयार करण्याची सूचना दिसते. हा नकार डावलण्यासाठी एक पर्याय आहे. त्याचे नावच 'प्रणालीची पॅकेजे मोडा' अशा अर्थाचे आहे. तो वापरण्याचा सल्ला महाजालावर सर्रास दिलेला आढळतो. नवशिक्याने तो मानू नये.

भाषाविषयक प्रकल्पाचे उदाहरण

वर्धा येथे १९९७ साली स्थापन झालेले महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय हे केंद्रीय विद्यापीठ आहे. तेथे भाषाविज्ञानाच्या जोडीने भाषा अभियांत्रिकी हाही अभ्यासाचा विषय आहे. विद्यापीठाच्या 'हिंदीसमय' या संकेतस्थळावर हिंदी साहित्याचा मोठा संग्रह वाचनासाठी खुला आहे. जिल्ह्यात सेवाग्राम येथे बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. भाषेकडून संगणकाकडे येणारा आणि संगणकाकडून भाषेकडे वळणारा, असे दोन्ही प्रकारचे विद्यार्थी एकाच परिसरात असल्याने स्वतंत्र परिवेशांची गरज वर्ध्याच्या संदर्भात सहज उलगडून दाखवता येते. पुढील प्रकल्प केवळ उदाहरणादाखल कल्पिलेले आहेत. त्यांतील पॅकेजांचे वर्तन मात्र वस्तुस्थितीस धरून आहे.

एका विद्यार्थिनीस मराठी गद्यातील शब्दांची वारंवारता मोजायची आहे. तिने पायथनसोबत येणारे 'आरई' हे मॉड्यूल वापरले आणि मजकुराचे शब्द पाडण्यास सांगितले. हे मॉड्यूल अक्षर व अंक यांनाच शब्दाचा भाग मानते. काना, वेलांटी, मात्रा ही युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्हे असल्याने ती शब्दाबाहेरची समजली जातात. परिणामी 'मराठी' या एका शब्दाचे 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे होतात. संगणक कोणतीही चूक दाखवत नाही. तक्ता तयार होतो, आकडे नीटनेटके दिसतात, आणि प्रबंधात चुकीची संख्या जाते. 'रेजेक्स' हे स्वतंत्र पॅकेज मात्रांना शब्दाचा भाग मानते व 'मराठी' अखंड ठेवते. म्हणजे या प्रकल्पाची शुद्धता एका बाहेरच्या पॅकेजावर अवलंबून आहे. ते पॅकेज कोणते व कोणत्या आवृत्तीचे, याची नोंद प्रकल्पासोबत नसेल, तर तिचे निष्कर्ष दुसऱ्या कोणास पडताळून पाहता येणार नाहीत.

तिच्याच संगणकावर दुसरा प्रकल्प आहे: हिंगणघाटच्या बाजारातील कापसाच्या भावांचा तक्ता. त्याची आज्ञावली तिला वरच्या वर्गातील विद्यार्थ्याकडून २०२१ साली मिळालेली असून तीत पांडासची जुनी 'अपेंड' सोय वापरलेली आहे. तिसऱ्या प्रकल्पात तिला महाबर्ट हे मराठीचे भाषाप्रतिमान चालवून पाहायचे आहे. ते पुण्यातील एल३क्यूब या गटाने तयार केले. याच गटाने २०२२ मध्ये महाकॉर्पसद्वारे उपलब्ध मराठी मजकूरसंग्रहात २.४८ कोटी वाक्यांची भर घातली. या तिसऱ्या कामास ट्रान्सफॉर्मर्स व पायटॉर्च ही मोठी व वारंवार बदलणारी पॅकेजे लागतात. तिन्ही प्रकल्प एकाच पायथनमध्ये कोंबले, तर तिसऱ्यासाठी केलेली बसवणी दुसऱ्यास मोडते, आणि दुसऱ्यासाठी आवृत्ती मागे नेली की तिसरा बंद पडतो. तीन फोल्डरांत तीन परिवेश केले की हा प्रश्नच उरत नाही. कापसाचा प्रकल्प पांडासच्या १.५ आवृत्तीवर स्वस्थ राहतो.

परिवेशाने आणखी एक प्रश्न मात्र सुटत नाही, आणि तो देवनागरीत काम करणाऱ्यांस हमखास भेटतो. विंडोजवर पायथन मजकुराची फाइल उघडताना आजवर युटीएफ-८ ऐवजी त्या संगणकाची स्थानिक संकेतपद्धती गृहीत धरत आला आहे. त्यामुळे लिनक्सवर नीट वाचली जाणारी मराठी फाइल विंडोजवर चूक दाखवते किंवा अक्षरांचा कचरा करते. फाइल उघडताना युटीएफ-८ असे स्पष्ट लिहिणे हा खात्रीचा उपाय आहे. 'पायथनयुटीएफ८' या नावाच्या पर्यावरण-चलास १ ही किंमत देऊनही काम भागते. हे पर्यावरण-चल, म्हणजे इंग्रजीतील एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, संचालन प्रणालीचे असते. त्याचा आभासी परिवेशाशी संबंध नावापुरताच आहे. पेप ६८६ नुसार पायथन ३.१५ पासून युटीएफ-८ हीच मूळ पद्धती ठरवण्यात आली आहे.

वापर

पायथन ३.३ पासून परिवेश तयार करणारे 'व्हेन्व्ह' हे मॉड्यूल भाषेबरोबरच येते. डेबियन व उबुंटूवर ते 'पायथन३-व्हेन्व्ह' या वेगळ्या पॅकेजात ठेवलेले असते. तेवढे मात्र ॲडमिनिस्ट्रेटरकडून एकदा बसवून घ्यावे लागते. प्रकल्पाच्या फोल्डरात जाऊन पुढील आज्ञा दिली की परिवेश तयार होतो:

पायथन३ -एम व्हेन्व्ह .व्हेन्व्ह

शेवटचा शब्द परिवेशाच्या फोल्डरचे नाव आहे. ते कोणतेही चालते, पण आरंभी टिंब असलेले '.व्हेन्व्ह' हे नाव सर्वत्र रूढ झाले आहे. लिनक्सवर टिंबाने सुरू होणारी फोल्डर एरवी दिसत नाहीत, त्यामुळे प्रकल्पाच्या फाइलींत ते मिसळत नाही. वरच्या फोल्डरच्या नावांत मोकळी जागा नसलेली बरी. कमांड लाइनवर मोकळी जागा म्हणजे शब्दाचा शेवट, आणि 'माझा प्रकल्प' अशा नावामुळे साधी आज्ञाही फसते.

यानंतर परिवेश कार्यान्वित करायचा असतो. लिनक्स व मॅकवर त्यासाठी अशी आज्ञा आहे:

सोर्स .व्हेन्व्ह/बिन/ॲक्टिव्हेट

विंडोजवर 'बिन' ऐवजी 'स्क्रिप्ट्स' हे फोल्डर असते व 'सोर्स' हा शब्द लागत नाही. पॉवरशेलमध्ये पुष्कळदा स्क्रिप्ट चालवण्यास बंदी असल्याचा संदेश येतो. ती बंदी विंडोजच्या सुरक्षाधोरणाची असते, पायथनची नव्हे. जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये तीच आज्ञा बिनतक्रार चालते. आज्ञा यशस्वी झाली की ओळीच्या आरंभी कंसात परिवेशाचे नाव दिसू लागते. पुढे पिपने जे बसवावे ते याच फोल्डरात जाते:

पिप इन्स्टॉल रेजेक्स

काम संपल्यावर 'डीॲक्टिव्हेट' असे लिहिले की संगणक पूर्ववत होतो. खिडकी बंद केली तरी तोच परिणाम होतो, आणि याच कारणाने दुसऱ्या दिवशी नवी खिडकी उघडणारा नवशिका 'काल बसवलेले पॅकेज आज सापडत नाही' अशी तक्रार करतो. पॅकेज जागेवर असते; परिवेश पुन्हा कार्यान्वित करायचा राहिलेला असतो.

एकाच संगणकावर पायथनच्या अनेक आवृत्त्या असतील, तर ज्या आवृत्तीच्या इंटरप्रिटरने परिवेश तयार केला तीच त्या परिवेशाची आवृत्ती ठरते. विंडोजवर 'पीवाय -३.११ -एम व्हेन्व्ह .व्हेन्व्ह' अशा आज्ञेने ती निवडता येते. तयार परिवेशाची पायथन आवृत्ती बदलण्याच्या खटपटीत पडू नये. तो पुसून नवा करणे कमी वेळाचे असते.

नोंदीची फाइल

परिवेशाचे फोल्डर नाशवंत समजावे. जपून ठेवायची ती त्याची नोंद. ही नोंद 'रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी' या साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवण्याची प्रथा आहे. प्रत्येक ओळीवर एका पॅकेजाचे नाव, दोन बरोबर-चिन्हे व आवृत्ती असते. सध्याच्या परिवेशातील सर्व पॅकेजांची यादी पुढील आज्ञेने फाइलीत उतरते:

पिप फ्रीझ > रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

दुसऱ्या संगणकावर नवा परिवेश करून 'पिप इन्स्टॉल -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी' ही आज्ञा दिली की त्याच आवृत्त्या बसतात.

या यादीत दोन उणिवा आहेत. 'फ्रीझ'ने मिळणाऱ्या यादीत विद्यार्थ्याने मागितलेली पॅकेजे आणि त्यांच्या पाठोपाठ आपोआप आलेली पॅकेजे सरमिसळ होतात. तीन पॅकेजे मागितलेली असताना यादी तीस ओळींची होते, आणि वर्षभरानंतर त्यांतील मूळ तीन कोणती हे ज्याने ती केली त्यालाही सांगता येत नाही. म्हणून आपण मागितलेल्या पॅकेजांची हाताने लिहिलेली छोटी यादी वेगळी ठेवणे श्रेयस्कर असते. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे: या यादीत पायथनच्या आवृत्तीचा उल्लेखच नसतो. युनिकोड चिन्हांची माहिती देणारा तक्ता पायथनच्या प्रत्येक आवृत्तीत बदलू शकत असल्याने भाषाविषयक कामात ती नोंद विशेष आवश्यक ठरते. प्रकल्पाच्या माहितीफाइलीत पायथनची आवृत्ती एका ओळीत लिहिली तरी पुरते.

परिवेशाचे संपूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर घालून परीक्षकाकडे किंवा सहाध्यायाकडे देणे हा हमखास फसणारा मार्ग आहे. परिवेशातील स्क्रिप्टमध्ये मूळ संगणकावरील फोल्डरचा पूर्ण पत्ता कोरलेला असतो. दुसऱ्या संगणकावर तो पत्ताच नसतो, आणि त्याच संगणकावर फोल्डरचे नाव बदलले तरी परिवेश बिघडतो. गिटसारख्या आवृत्ती-नियंत्रण साधनातही परिवेश ठेवत नाहीत. पायथन ३.१३ पासून व्हेन्व्ह हे फोल्डर गिटने वगळावे अशी सूचना त्यात स्वतःच लिहून ठेवतो.

अंतर्गत रचना

परिवेशाची किमया वाटते त्याहून साधी आहे. फोल्डरच्या मुळाशी 'पायव्हेन्व्ह.सीएफजी' नावाची काही ओळींची फाइल असते. तीत मूळ पायथन कोठे आहे हे लिहिलेले असते. इंटरप्रिटर सुरू होताना ही फाइल शोधतो. ती आपल्या जवळ सापडली, तर बाहेरून आणलेली पॅकेजे तो मूळ जागी न शोधता परिवेशातील 'साइट-पॅकेजेस' या फोल्डरात शोधतो. भाषेबरोबर येणारी मॉड्यूले मात्र मूळ पायथनमधूनच घेतली जातात. त्यामुळे कोरा परिवेश आकाराने लहान राहतो. मूळ पायथन काढून टाकला तर मात्र त्यावर उभारलेले सर्व परिवेश निकामी होतात.

'ॲक्टिव्हेट' ही स्क्रिप्ट मुख्यतः एकच गोष्ट करते. आज्ञा टंकल्यावर संगणक ज्या फोल्डरांत ती शोधतो त्यांच्या यादीस 'पाथ' म्हणतात. या यादीच्या आरंभी परिवेशाचे फोल्डर घातले जाते. म्हणून 'पायथन' म्हटल्यावर परिवेशातील पायथन आधी सापडतो. कार्यान्वित न करताही '.व्हेन्व्ह/बिन/पायथन' असा पूर्ण पत्ता देऊन परिवेश वापरता येतो. रात्री ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांसाठी हीच पद्धत सोयीची असते. कोणता पायथन चालू आहे याविषयी शंका असेल, तर 'पिप' ऐवजी 'पायथन -एम पिप' असे लिहावे; मग पॅकेज त्याच पायथनमध्ये बसते जो प्रत्यक्ष चालत आहे.

नावातील 'आभासी' या शब्दाने गैरसमज होतो. आभासी यंत्र, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, संपूर्ण संगणकाची नक्कल करते, आणि डॉकरसारखा कंटेनर आज्ञावलीस प्रणालीच्या उरलेल्या भागापासून वेगळे ठेवतो. आभासी परिवेश यांपैकी काहीच करत नाही. त्यात चालणारी आज्ञावली वापरकर्त्याच्या सर्व फाइली वाचू व पुसू शकते. लोकप्रिय पॅकेजाच्या नावाशी मिळतेजुळते नाव देऊन घातक पॅकेज प्रसिद्ध करण्याचे प्रकार पायपीआय या सार्वजनिक संग्रहावर वेळोवेळी उघडकीस आले आहेत. नाव टंकताना एक अक्षर चुकले तर परिवेश त्यापासून संरक्षण देत नाही.

महाजालाविना बसवणी

महाजालाची जोडणी संथ किंवा अनियमित असलेल्या ठिकाणी खरा खर्च पॅकेजे उतरवण्याचा असतो. पायटॉर्चची ग्राफिक्स कार्डासाठीची आवृत्ती सोबतच्या पॅकेजांसह २ जीबीहून अधिक जागा घेते. ज्या संगणकात असे कार्डच नाही, तेथे केवळ प्रोसेसरसाठीची, कितीतरी लहान आवृत्ती मागवावी. लिनक्सवर वेगळे काही न सांगितल्यास पिप मोठीच आवृत्ती आणतो, हे ठाऊक नसल्याने पुष्कळांचा दिवसाचा डेटा एका आज्ञेत संपतो.

एकदा उतरवलेली पॅकेजे वर्गातील सर्वांनी वापरावीत यासाठी पिपमध्ये सोय आहे. चांगली जोडणी असलेल्या संगणकावर 'पिप डाउनलोड' या आज्ञेस नोंदीची फाइल दिली की सर्व पॅकेजे 'व्हील' नावाच्या फाइलींच्या रूपाने एका फोल्डरात गोळा होतात. ते फोल्डर पेनड्राइव्हवरून संगणक कक्षात न्यावे. तेथे बसवताना 'नो-इंडेक्स' व 'फाइंड-लिंक्स' हे दोन पर्याय दिले असता पिप महाजालाकडे न जाता त्याच फोल्डरातून पॅकेजे घेतो. येथे परिवेशाचे फोल्डर न हलवता त्याचा कच्चा माल हलवला जातो, म्हणून ही पद्धत यशस्वी होते. अट एवढीच की दोन्ही संगणकांवर संचालन प्रणाली, प्रोसेसरचा प्रकार व पायथनची आवृत्ती सारखी असावी. विंडोजवर गोळा केलेल्या नमपायच्या फाइली उबुंटूवर बसत नाहीत.

इतिहास

स्वतंत्र परिवेशांची कल्पना पायथनमधील आभासी परिवेशांहून जुनी आहे. अनेकांनी मिळून वापरायच्या मोठ्या संगणकांवर प्रत्येकास हवी ती आवृत्ती निवडता यावी म्हणून 'एन्व्हायर्नमेंट मॉड्यूल्स' ही पद्धत १९९१ मध्ये मांडण्यात आली. त्याच वर्षी पुण्याच्या सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला. महासंगणकांवर 'मॉड्यूल लोड' ही आज्ञा आजही रोजच्या वापरात आहे.

पायथनसाठी इयन बिकिंग यांनी २००७ मध्ये 'व्हर्च्युअलएन्व्ह' हे साधन प्रसिद्ध केले व पुढच्या वर्षी पिप आणले. काही वर्षांतच ही जोडी पायथन शिकणाऱ्यांच्या पहिल्या धड्यात जाऊन बसली. कार्ल मायर यांच्या पेप ४०५ नुसार ही सोय भाषेतच समाविष्ट झाली आणि सप्टेंबर २०१२ मधील पायथन ३.३ बरोबर व्हेन्व्ह आले.

त्याच वर्षी काँटिनम ॲनालिटिक्स या कंपनीने, म्हणजे आजच्या ॲनाकोंडाने, 'कोंडा' हे साधन आणले. व्हेन्व्हला जे जमत नव्हते ते कोंडाने केले: पायथनची आवृत्ती आणि सी व फोर्ट्रान भाषांतील लायब्रऱ्याही परिवेशातच बसवता येऊ लागल्या. विज्ञानक्षेत्राने ते लगेच उचलले. २०२० मध्ये ॲनाकोंडाने आपल्या पॅकेजसंग्रहाच्या वापराच्या अटी बदलल्या व मोठ्या व्यापारी संस्थांना सशुल्क परवाना आवश्यक केला. त्यानंतर स्वयंसेवकांनी चालवलेल्या 'कोंडा-फोर्ज' या संग्रहाकडे पुष्कळ जण वळले. पिपेन्व्ह व पोएट्री ही साधने परिवेश आणि नोंद या दोन्हींचा कारभार एकत्र पाहतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये ॲस्ट्रल या कंपनीने रस्ट भाषेत लिहिलेले 'यूव्ही' प्रसिद्ध केले. ते पिपहून पुष्कळ वेगवान आहे, हवी ती पायथन आवृत्ती स्वतः उतरवून घेते आणि पॅकेजांची एकच प्रत साठवून ती अनेक परिवेशांत जोडते, त्यामुळे लहान डिस्कच्या संगणकांवर जागेची बचत होते. तथापि शिकताना आरंभ व्हेन्व्ह व पिपने करणे हिताचे. बाकी साधने आत काय करतात ते मग कळते.

महाराष्ट्रातील वापर

परिवेशांचा शिस्तबद्ध वापर पाहायचा असेल तर पुण्यातील आयुका या संस्थेकडे पाहावे. गुरुत्वीय लहरींच्या संशोधनासाठी तेथे 'सारथी' ही संगणकसमूह-सुविधा आहे. या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संघटना विश्लेषणाची सर्व पॅकेजे तयार कोंडा परिवेशांच्या रूपाने वितरित करते. परिवेशाच्या नावातच पायथनची आवृत्ती व दिनांक असतो आणि वापरकर्त्यास तो केवळ वाचता येतो, बदलता येत नाही. त्यामुळे एखाद्या शोधनिबंधातील आकडा कोणत्या दिवशीच्या पॅकेजांवर काढला होता हे नंतरही निश्चित सांगता येते. हिंगोली जिल्ह्यातील औंढा येथे होऊ घातलेल्या लायगो-इंडिया वेधशाळेस केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली.

पुण्याच्याच आयसर संस्थेत राष्ट्रीय महासंगणक अभियानांतर्गत २०१९ मध्ये परम ब्रह्म हा महासंगणक बसवण्यात आला. शिक्षणाच्या बाजूने मुंबईच्या आयआयटीतील फॉसी हा प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअरचा, त्यात पायथनचाही, महाविद्यालयीन अभ्यासात वापर वाढवण्याचे काम करतो. तेथीलच स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमाचे काही पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य उपलब्ध आहेत.

इतर संगणकभाषांतील समांतर सोयी

रुबीमध्ये आरबीएन्व्ह व आरव्हीएम, संख्याशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या आर भाषेत आरएन्व्ह आणि नोड जेएसच्या आवृत्त्यांसाठी एनव्हीएम ही साधने याच हेतूने वापरली जातात. नोड जेएसमध्ये पॅकेजे मुळातच प्रकल्पाच्या फोल्डरातील 'नोड मॉड्यूल्स' येथे बसतात, त्यामुळे तेथे वेगळा परिवेश कार्यान्वित करावा लागत नाही. पायथनमध्येही तसेच व्हावे असा पेप ५८२ हा प्रस्ताव २०१८ मध्ये मांडण्यात आला होता; मार्च २०२३ मध्ये तो फेटाळण्यात आला.